पाताळाच्या पडद्यावरचा ड्रॅगन

लढाई संपली आणि थोरला भाऊ ब्रह्मदेशातून खालापूरला घरी आला. येताना त्याने आईसाठी चिनी मातीचा एक पेला आणला होता. पेल्याला वेटोळं घालून निळा ड्रॅगन बसलेला. मी तेव्हा चौदा वर्षांची. आईने पेला फळीवर ठेवला आणि मी तो प्राणी कोळशाने ओटीवर काढायला लागले.

"ही तर घोरपड हाय," भाऊ हसला. "मिशा लावलेली!"

राग आला, पण बोलला ते खरंच होतं. महिनाभर मी रोज काढत होते, रोज पुसत होते. एकदा मोळी विकायला येणारी ठाकरीण ओटीपाशी थांबली.

"पाय नुसतं टांगलंस गं," ती म्हणाली. "चालंल कसा ह्यो? चल, दावते."

ओढ्यावर तिने मला खडक चढणारी घोरपड दाखवली. पाय उचलताना तिचा खांदा कसा वर येतो ते दाखवलं. खाली पाण्यात विरोळा, पाण्यातला साप, पोहत होता. एक वळण संपायच्या आत दुसरं सुरू. घरी येऊन मी पाठीची रेघ एका दमात ओढली. भाऊ या वेळी हसला नाही.

त्या वर्षी जत्रेच्या नाटकाला पाताळाचा पडदा हवा होता आणि कर्जतचा पेंटर तापाने पडला. नाटक बसवणारे शाळेचे मास्तर हवालदिल होऊन आमच्याकडे आले.

"आमची पोर काढंल," भाऊ म्हणाला.

"ही?"

"हीच."

मांजरपाटाला खळ लावली. नीळ, गेरू, काजळ घेतलं, डिंकात कालवलं. पाताळाचा राखणदार म्हणून मी माझा ड्रॅगनच काढायला घेतला. हळदीत चुना सांडला आणि पिवळ्याचा लालभडक रंग झाला. त्याच रंगाने मी ड्रॅगनची जीभ केली, ज्वाळाही केल्या. पाच दिवस गुडघ्यांवर रांगत रंगवलं.

सहाव्या दिवशी दुपारी पडदा दोन आंब्यांच्या मध्ये टांगला. वारा आला, कापड हललं, आणि ड्रॅगन चालायला लागला! रस्त्याने येणारी बैलजोडी फुरफुरून जागीच थांबली. गाडीवान ओरडला, "आवरा रं त्याला!" सगळी आळी धावत आली.

मग मास्तर म्हणाले, "पेंटर कोपऱ्यात नाव घालतो. तूही घाल."

गर्दी पुढे सरकली होती. मी कुंचला काजळात बुडवला आणि म्हटलं, "जरा मागं व्हा. मोठ्या अक्षरात लिहायचंय."