त्रेचाळीसच्या आधीचं पान

मागच्या अंगणात मी कूलरच्या जाळ्यांमधली जुनी खस झटकत होते. कुकरची पहिली शिट्टी झाली आणि पुढच्या दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारी बाई आमच्या कॉलनीत एकच, प्रेमलताकाकू.

"सुहासिनी, लॅपटॉप उघड वं."

"चहा टाकते आधी."

"चहा राहू दे. डोकं आधीच तापून राहिलं."

त्यांच्या हातात कॉलनीच्या स्मरणिकेची कच्ची प्रत होती. कॉलनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून मंडळ ती काढतंय. अध्यक्ष शालिकरामजी, पानं लावणारा त्यांचा पुतण्या आणि शुद्धलेखन तपासणारी मी. दुपारी फाइल प्रेसला जाणार होती.

काकूंनी बोट ठेवलं ते पान त्यांचंच होतं. वर बोअरवेलची जाहिरात आणि तिच्याखाली बारीक अक्षरात कोंबलेला त्यांचा लेख, 'नळ आला तो दिवस'.

"सगळ्याइच्या पानाले नंबर आहे. माह्याच पानाले काहून नाही?"

काकू इथे आल्या तेव्हा हुडकेश्वरच्या या टोकाला रस्ता म्हणजे नुसती काळी माती. नवरा बुटीबोरीच्या कापड कारखान्यात. पावसाळ्यात पाळी संपवून यायचा तो सायकल खांद्यावर घेऊनच. पाणी टँकरचं, तेही आलं तर. काकू ब्लाउज शिवायच्या. मापं घेता घेता त्यांनी घरोघरच्या बायका जमवल्या, रिकामे गुंड-कळशा घेऊन पाण्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या. साहेब जेवायला उठले तरी ह्या उठल्या नाहीत. नळाच्या मंजुरीवर सही होईपर्यंत जातच राहिल्या. खोदकाम सुरू झाल्यावर मजुरांना चहा काकूंच्या घरून, आणि लाइन आपल्या गल्लीत वळवू पाहणाऱ्यांना शिव्याही त्यांच्याच घरून.

एवढंच त्यांनी लिहिलं होतं. आयुष्यातला पहिला लेख. मी तो टाइप करताना एक शब्दही बदलला नव्हता.

फाइल उघडली. पानाच्या तळाशी, आकडा असतो तिथे, दोनदा क्लिक केलं. पुतण्याने जाहिरातींचा वेगळा भाग पाडून त्यातले आकडे पुसले होते. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण जाहिरातींच्या आधीचं पान बेचाळीस होतं आणि नंतरच्या भागाला त्याने स्वतः त्रेचाळीसपासून सुरुवात लावून दिली होती. म्हणजे काकूंच्या पानाला आकडा नव्हता इतकंच नाही, ते मोजलंच नव्हतं. अनुक्रमणिकेत त्यांचं नाव कुठेच नाही. पान पाचवर मात्र शालिकरामजींचा फोटो, आणि खाली, 'मंडळाच्या अथक प्रयत्नांनी कॉलनीत नळ आला.'

"अथक म्हणे," काकू म्हणाल्या. "टँकरचा पाइप पहिले कोणाच्या टाक्यात जाये, विचार त्याले."

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, मी मोजल्या नाहीत. गॅस बंद केला आणि फोन लावून स्पीकरवर टाकला.

"जाहिरातीच्या पानाले नंबर नसते वहिनी, पद्धतच आहे तशी," शालिकरामजी म्हणाले.

"मग काकूंचा लेख जाहिरातीत कसा गेला?"

"तिथं अर्धं पान रिकामं होतं ना. अन् तो कागद चकचकीत आहे, उलट महाग पडते."

"अनुक्रमणिकेत त्यांचं नाव नाही."

"ज्या पानाले नंबरच नाही, त्याचं नाव अनुक्रमणिकेत कसं येईन?"

आधी आकडा काढायचा आणि मग आकडा नाही म्हणून नावही काढायचं.

"लेख जाहिरातींच्या आधी आणायचा," मी म्हटलं, "आणि पुढचे आकडे सलग चालू ठेवायचे. अनुक्रमणिका कॉम्प्युटरच नवी करून देतो. माझा चहा होईस्तोवर होतं हे काम."

"प्रेसवाला थांबून राहिला, वहिनी. लोकं काय पानाचे नंबर वाचते काय?"

"नाही ना वाचत? मग तुमचा पाच नंबर काढून टाकते."

पलीकडे कोणाचा तरी मिक्सर फिरत होता, तो थांबला.

काकूंनी फोन आपल्याकडे ओढला. मला वाटलं, आता खोदकामाच्या वेळच्या त्या सगळ्या शिव्या निघणार. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"भाऊ, मले फोटो नको, सत्कार नको, तुमचा चकचकीत कागदही नको. माह्या पानाले त्रेचाळीस नंबर द्या."