साखळी ताणून धरणारा व्हर्लिन

व्हर्लिन ड्रायर गेली चौतीस वर्षं आमच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत अंतर मोजायची साखळी धरतो, आणि तेही फुकट. दर शुक्रवारी संध्याकाळी नारिंगी बंडी घालून मैदानाच्या कडेला उभं राहायचं. पुढची काठी त्याच्याकडे, मागची त्याचा दोस्त ड्वेनकडे, मधे दहा यार्डांची साखळी. चार डावांत संघानं तेवढं अंतर कापलं तर चेंडू त्यांच्याकडे राहतो, नाही तर समोरच्यांना जातो. साखळीवाल्यानं कुणाची बाजू घ्यायची नाही. टाळी नाही, शिवी नाही, तोंडाला कुलूप. नेब्रास्कातल्या आमच्या गावात फुटबॉलवेड्याला याहून मोठी शिक्षा नसेल, आणि या गृहस्थानं ती हौसेनं मागून घेतलेली. मैदानात तो कधी ओरडला नाही. सगळं साठवून घरी न्यायचा आणि बायकोचं, आर्लिसचं डोकं खायचा.

यंदा मात्र त्याची पंचाईत झाली. त्याचा नातू ट्रेंट तीन वर्षं बाकावर बसून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याच्या, जागेची वाट बघत होता. हे शाळेचं शेवटचं वर्ष, जागा त्याचीच, असं सगळे धरून चालले होते. आर्लिसनं तर अंगणात त्याच्या नावाची पाटीही ठोकली. आणि ऑगस्टमध्ये ओर्टेगा नावाचं कुटुंब मांसाच्या कारखान्यात कामाला आलं, त्यांचा इलायस शाळेत दाखल झाला. सरावाच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं पन्नास यार्डांवर चेंडू असा टाकला की घेणाऱ्याला हात हलवावा लागला नाही. प्रशिक्षक हॅडलींनी वहीत काहीतरी खरडलं. झालं, ट्रेंट परत बाकावर.

इलायस गुणी पोरगं होतं हो. नम्र, कष्टाळू, बघत राहावं असं खेळणारं. व्हर्लिनला तेच सोसेना.

"नालायक असता तर बरं झालं असतं," तो ड्वेनला म्हणाला. "निदान मनापासून शिव्या तरी घातल्या असत्या."

"मनातल्या मनात घाल की. नियम तोंडाला आहे."

घातल्या त्यानं. पहिल्याच सामन्यात इलायस हातभर कमी पडला, तेव्हा साखळी ताणताना व्हर्लिनला आतून गुदगुल्या झाल्या. मग स्वतःचीच लाज वाटली. घरी गेल्यावर त्या दिवशी तो आर्लिसशी एक अक्षर बोलला नाही.

पुढचे सात सामने आम्ही जिंकलो. तीन वर्षं मार खाल्लेलं गाव एकदम ताठ मानेनं चालायला लागलं. गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये पोरांच्या आया संघाला जेवू घालतात, तिथे इलायसच्या आईनं मक्याच्या पिठाचे, आत मांस भरून वाफवलेले तमाले आणले. आर्लिस म्हणाली, मला भूक नाही. मग उभ्याउभ्या तीन खाल्ले.

"मेले चांगले झालेत," ती व्हर्लिनच्या कानाशी पुटपुटली, आणि घरी पोचेपर्यंत घुश्शातच होती.

शेवटच्या घरच्या सामन्याआधी हॅडलींनी व्हर्लिनला बाजूला घेतलं.

"ट्रेंटला खेळवायचं माझ्या मनात आहे. दोन टचडाऊननी पुढे गेलो की उरलेला वेळ त्याचा. पण त्याआधी नाही. तेवढं मला मागू नका."

म्हणजे आली का पंचाईत? नातवाला मैदानात बघायचं तर त्याची जागा घेणाऱ्या पोरासाठीच देवाचा धावा करायचा. व्हर्लिननं केला. आयुष्यात इतक्या मनापासून त्यानं कुणासाठी काही मागितलं नसेल.

सहा मिनिटं उरली होती. आम्ही एका टचडाऊननं पुढे, म्हणजे चेंडू त्यांच्या गोलरेषेपार एकदा जास्त नेलेला. आता चेंडू परत त्या रेषेजवळ, चौथा डाव. जेमतेम एक यार्ड हवा होता. तेवढा मिळाला की दुसरं टचडाऊन झाल्यातच जमा. इलायस स्वतःच चेंडू घेऊन गर्दीत घुसला. अंगावर पडलेल्या पोरांचा ढीग उठला, पंचांना अंदाज येईना, त्यांनी साखळी मागवली.

साखळी घेऊन मधे जाताना व्हर्लिननं कडेला पाहिलं. ट्रेंट हेल्मेट घालून उभा होता.

ड्वेननं मागचं टोक रेषेवर धरलं. आता व्हर्लिननं ताणायचं. साखळीचं कसं असतं, मनगट जरा सैल सोडलं तर काठी चार बोटं अलीकडे टेकते. पंचांना कळत नाही. ड्वेनला कळलं असतं, पण तो मेला तरी बोलला नसता. व्हर्लिनला हे सगळं सुचलं, नाही असं नाही. पण हाताला चौतीस वर्षांची सवय. हातानं त्याला विचारलंच नाही. साखळी खटकन ताठ झाली, काठी टेकली, चेंडू तीन बोटं अलीकडे राहिला.

चेंडू त्यांच्याकडे गेला. त्यांनी पाच मिनिटं रेटत रेटत बरोबरी केली. शेवटच्या क्षणी इलायसनं एक लांब फेक टाकली आणि आम्ही जिंकलो. गाव मैदानात धावलं, पोराला खांद्यावर घेतलं. व्हर्लिन काठीला साखळी गुंडाळत बसला. नियमच तसा, ना हसायची सोय ना रडायची.

परतताना गाडीत ट्रेंट बराच वेळ कापून झालेल्या मक्याच्या शेतांकडे बघत होता.

"आजोबा, खरंच कमी होतं?"

"तीन बोटं."

"नेहमीसारखीच ताणलीत?"

"नेहमीसारखीच. बाळा, मी..."

"मला माहीत होतं," ट्रेंट म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "चेंडू जरा मागे दिसत होता. काठी तुमच्या हातात होती. तुम्ही ताणायला वाकलात तेव्हाच मी हेल्मेट काढलं."

व्हर्लिननं गाडी अंगणात लावली. गाडीच्या दिव्यांचा उजेड ट्रेंटच्या नावाच्या पाटीवर पडला, ते दिवे विझवायलाही त्याचा हात उठेना.