अकरा मात्रांचा फोरमन

फोरमननी एकदा कुणावर राग धरला की तो चार-चार वर्षं टिकायचा, आणि त्या चार वर्षांत त्या माणसाला चहा द्यायला मात्र ते एकदाही विसरायचे नाहीत. चहा द्यायचा, बिस्किटांची बशी पुढे सरकवायची, पण बोलायचं नाही. रागावून निघून जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. फोरमन समोर बसून राग करायचे, दर रविवारी, सकाळी नऊ ते बारा.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं तीन लेथचं वर्कशॉप होतं. आधी बरीच वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात ते फोरमन होते. पुढे स्वतःची शेड झाली तरी नाव तेच राहिलं. पलूसकडच्या शेतकरी घरातला माणूस. शिक्षण आयटीआयपर्यंत, इंग्रजी नट-बोल्टच्या मापांपुरतं. आणि सांगलीत प्रोग्रेसिव्ह रॉक कुणाला कळत असेल तर तो यांना, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. वीस-वीस मिनिटांची ती विलायती गाणी, ज्यात गायक तोंड उघडेपर्यंत आपला चहा संपतो आणि ताल मध्येच असा बदलतो की मान डोलवणाऱ्याची फजिती होते, ती फोरमनना पाठ होती. शब्द नव्हे, मात्रा. लहानपणी गावच्या भजनात ते पखवाज वाजवायचे. बोटांच्या पेरांवर मोजायची सवय तिथली. "इंग्रज झाला म्हणून काय झालं," ते म्हणायचे, "समेवर त्याला बी यावंच लागतंय."

हे संगीत त्यांच्यापर्यंत पोचवलं त्यांच्या मावसभावानं. तो जहाजावर होता आणि सुट्टीला येताना कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून आणायचा. कॅसेटवर ना चित्र, ना बँडचं नाव. मग फोरमननी स्वतःच नावं ठेवली. चढत चढत जाणारं एक बावीस मिनिटांचं गाणं होतं, ते 'घाट'. एक जड, रटाळ वाटणारं पण शेवटी बारीक वाटून देणारं, ते 'वरवंटा'. पुढे इंटरनेट आलं, खरी नावं कळली, पण आमच्यात कुणी ती वापरली नाहीत. आमच्यात म्हणजे दर रविवारी शेडमध्ये गाणी ऐकायला जमणाऱ्या तिघांत. फोरमन, हळदीचा अडत्या आणि मी. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. फोरमन मला मास्तर म्हणायचे. मी शिकवत नाही, असं मी एकदा सांगितलं. "पुस्तकं राखताय न्हवं? मग मास्तरच की," म्हणून त्यांनी विषय मिटवला.

अडत्याशी त्यांचं वाजलं ते एका ड्रमवाल्यावरून. 'घाट'वाल्या बँडचा पहिला ड्रमवाला सोडून गेला आणि दुसरा आला. अडत्याचं म्हणणं, दुसरा जास्त दणकट. फोरमन म्हणाले, "दणकट बैल असतो. ड्रमवाला शाना लागतो." अडत्याही इरेला पेटला. "आवं फोरमन, तुमचा शाना मोजतोय निस्ता. माझा वाजवतोय." त्यावर फोरमन गप्प झाले आणि पुढची चार वर्षं माझ्यामार्फत बोलले. "मास्तर, यांना इचारा, चहात साखर हाय का बरोबर." अडत्या दीड हातावर बसलेला असायचा. तोही म्हणायचा, "मास्तर, सांगा त्यांना, साखर हाय, आक्कल न्हाई." मी दोन्हीकडची वाक्यं इमानानं पोचवायचो. अबोला संपला तेव्हा तो का संपला हे कुणाला कळलं नाही. ड्रमवाल्यावर मात्र दोघांपैकी कुणीही एक इंच सरकलं नव्हतं.

फोरमनकडे पाच वह्या होत्या. लेथवरच्या कामांच्या नोंदींसाठी छापून घेतलेल्या, लांबट, निळ्या पुठ्ठ्याच्या. त्यात प्रत्येक गाण्याचं अख्खं आवर्तन मांडलेलं. कुठे सात, कुठे नऊ, कुठे पाच आणि पाच, कुठे ऑर्गनवाला एका तालात आणि ड्रमवाला दुसऱ्यात. शेजारी पेन्सिलीनं त्यांचं मत. 'घाट'च्या मधल्या भागापाशी लिहिलं होतं: "तेराचं चाललंय. चौथ्या फेऱ्यात अकराच. दोन मात्रा गिळल्या. घाटात वळण येतं तसं पोटात गोळा येतो. शाबास." ही शाबास मी शंभरदा वाचली असेल. त्या ठिकाणी कॅसेट आली की फोरमन हात वर करायचे, आम्ही श्वास धरायचो आणि सम दोन मात्रा आधीच अंगावर यायची. अडत्यासुद्धा त्या क्षणी ड्रमवाल्याचं भांडण विसरायचा.

साताऱ्याचे एक गृहस्थ यात शिरले त्याला सात-आठ वर्षं झाली. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, आवाज भारदस्त, मराठी अतिशय सुंदर. बोलता बोलता स्वतःला रसिक म्हणवून घ्यायचे. एका लग्नात अडत्याची ओळख झाली आणि ते रविवारी कुपवाडला यायला लागले. वह्या बघून त्यांचे डोळे भरून आले, हे मी स्वतः पाहिलं आहे. "फोरमनसाहेब, हे धन आहे. एक छोटा लेख करतो, आठवड्यात परत देतो." फोरमननी पाची वह्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या. परत आल्या दहा महिन्यांनी, कुरिअरनं. सोबत चिठ्ठी नव्हती. त्यानंतर हे गृहस्थ कुपवाडला फिरकले नाहीत. मीही इथून पुढे त्याला अहो-जाहो करणार नाही.

पुढच्या वर्षी त्यानं इंटरनेटवर स्वतःचं चॅनेल काढलं. दर आठवड्याला एक गाणं, त्याचं रसग्रहण. वाक्यं त्याची होती, मात्रा फोरमनच्या होत्या. पाचाचं, साताचं, ऑर्गन आणि ड्रमच्या ओढाताणीचं, सगळं वहीच्या क्रमानं. फोरमनचं नाव एकदाही नाही. गाणं वाजवलं तर त्याचे हक्क असलेली कंपनी आक्षेप घेते म्हणून तो नुसतं बोलायचा, डोळे मिटून, हात हवेत फिरवत. आणि सगळ्यात जास्त बोलायचा त्या अकरा मात्रांवर. गिळलेल्या दोन मात्रा म्हणजे कलावंतानं मृत्यूसमोर धरलेलं मौन, असा त्याचा सिद्धांत होता. लोक खाली लिहायचे, सर, अंगावर काटा आला.

फोरमननी त्याला फोन केला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. फोरमन एवढंच म्हणाले, "सायेब, वहीचं नाव तरी घ्यायचं." तिकडून हसण्याचा आवाज आला. "फोरमनसाहेब, संगीत कुणाच्या मालकीचं नसतं. आणि राग मानू नका, पण तुम्ही मोजता. मी ऐकतो."

फोरमननी फोन ठेवला, हात पुसले आणि लेथ चालू केला. दिवसभर त्यांनी नुसत्या पिना कापल्या. कुणाची ऑर्डर नव्हती.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांच्या मुलीनं त्यांना चांगला हेडफोन आणून दिला आणि फोनवर सगळी गाणी मिळतात ती सोय करून दिली. बुधवारी दुपारी मला निरोप आला, "मास्तर, जरा यून जावा." मी गेलो. त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला, 'घाट' चालू केलं, आणि म्हणाले, "मोजा." मी मोजलं. चौथ्या फेऱ्यात तेरा आले. मला वाटलं मीच चुकलो. पुन्हा मोजलं. तेराच. मग त्यांनी जुनी कॅसेट लावली. अकरा.

त्यांनी कॅसेट बाहेर काढली, बारक्या स्क्रू-ड्रायव्हरनं पाची स्क्रू खोलले आणि पेन्सिलीनं टेप सरकवत नेली. एका ठिकाणी पिवळा पडलेला सेलोटेपचा तुकडा होता. टेप ब्लेडनं तिरकी कापून जोडलेली. "ही काप माझी हाय," फोरमन म्हणाले. "तिरकी म्या मारतो." मग त्यांना आठवलं. टेपरेकॉर्डरनं टेप खाल्ली होती. चुरगळलेला भाग कापून, उरलेला जोडून ते मोकळे झाले होते. वह्या त्यानंतर लिहिल्या. "तीन बोटं टेप उकिरड्यावर टाकली म्या. आन तीस वर्षं त्या इंग्रजाला शाबास म्हणतोय."

त्यांचा चेहरा मला बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, साताऱ्याला कळवायला हवं, तो जगभर अकरा सांगत सुटलाय.

फोरमननी मान वर केली. मग त्यांच्या मिशीत हळूहळू हसू आलं, आणि असं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी पाहिलं नव्हतं.

"कशाला कळवायचं? तो ऐकतोय न्हवं? मग ऐकंल की कवातरी."

कॅसेटचे स्क्रू त्यांनी पुन्हा आवळले. सेलोटेपला हात लावला नाही.

त्या दिवसापासून आमचा रविवार बदलला. आधी त्याचा नवा व्हिडिओ बघायचा, मग चहा. अडत्यालाही आम्ही कटात घेतलं. तो जैन. म्हणाला, "फोरमन, तुमी जैन असता तर एवढ्यासाठी प्रायश्चित्त घ्यायला लागलं असतं." फोरमन म्हणाले, "म्हणून न्हाई झालो." साताऱ्यात तो अकरा मात्रांवर व्याख्यानं द्यायला लागला. प्रत्येक व्याख्यानाची बातमी मी कापून नेत होतो. फोरमन ती हातात धरून दोनदा वाचायचे. कुणी त्याचा सत्कार केला की त्यांना विशेष आनंद व्हायचा. "अजून चढू दे," म्हणायचे. "खालनं पाडण्यात काय मजा हाय?"

हे क्षुद्र होतं का? रात्रंदिवस पुस्तकांत राहिलेला माणूस मी, मला या प्रश्नाचं उत्तर देता यायला हवं. तो प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही, हे खरं उत्तर.

मग फोरमनचं फुप्फुस गेलं. मिरजेच्या दवाखान्यात नळ्या लावलेल्या असतानाही पहिला प्रश्न तोच. "अकरा म्हणतोय का अजून?"

"म्हणतोय."

"झ्याक."

अडत्या भेटायला आला तो रडवेला होऊन. खाटेशी वाकून म्हणाला, "फोरमन, तुमचंच बरोबर हुतं. पयला ड्रमवालाच भारी." फोरमननी डोळे उघडले. "मी मरतोय म्हणून म्हणतोस. मागं घे." अडत्यानं नाक पुसत मागं घेतलं. "दुसरा भारी." "आता कसं," फोरमन म्हणाले आणि डोळे मिटले.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना बातमी दिली की साताऱ्याच्या माणसाचं पुस्तक येतंय, नाव 'गिळलेल्या मात्रा'. ते एवढे हसले की खोकल्यानं नर्स धावत आली. ती गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला तेव्हाही कटिंग ऑइलचा वास होता, किंवा मला तसं वाटलं. "छापू दे. बोललेलं फिरवता येतं, छापलेलं न्हाई. मास्तर, तुमी जावा त्या दिवशी. मला काय आता जमत न्हाई. आन माझं नाव घ्या तिथं. पुरं घ्या." चार दिवसांनी ते गेले.

प्रकाशन समारंभ साताऱ्यात, दुपारी चारला होता. साठ-सत्तर माणसं होती. मी पाचव्या रांगेत बसलो. पिशवीत पहिली वही, कॅसेट आणि फोरमनचा टेपरेकॉर्डर. भाषण त्यानं उत्तम केलं. मौनावर बोलताना एक बाई खरोखर रडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभा राहिलो. मी आयुष्यात कधी सभेत बोललेलो नव्हतो, त्यामुळे आवाज कापत होता, आणि त्याचा फायदाच झाला. लोकांना वाटलं, भारावलेला वाचक.

"सर, ती जागा एकदा ऐकवाल का? आणि मोजून दाखवाल का? आम्हाला मोजता येत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी आपला फोन हॉलच्या स्पीकरला जोडला. 'घाट' सुरू झालं. तो हात हवेत धरून मोजू लागला. तीन फेरे बरोबर गेले. चौथ्यात तो अकराला थांबला, हात खाली आणला, आणि गाणं पुढे आणखी दोन मात्रा शांतपणे चालून मग समेवर आलं. तो हसला. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच झालं. पहिल्या रांगेत एक तबल्याचे शिक्षक होते. मांडीवर मोजत होते. ते सहज म्हणाले, "सर, तेरा आहेत हो. सगळीकडे तेराच आहेत."

"ही आवृत्ती वेगळी असेल," तो म्हणाला. "मी ऐकलेली मूळ आवृत्ती..."

"ती माझ्याकडे आहे," मी म्हणालो. पुढे जाऊन टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. अकरा. सगळ्या सभागृहानं ऐकलं. मग मी कॅसेट काढून तो सेलोटेप तबल्याच्या शिक्षकांना दाखवला, वहीतलं पान वाचलं, तारखेसकट, आणि सांगितलं की जगात अकरा मात्रांची ही एकच प्रत आहे, ती कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये चुकून तयार झाली, आणि ती चूक ज्या माणसाची आहे त्याचं नाव हे. पूर्ण नाव घेतलं. वडिलांचं घेतलं, गावाचं घेतलं. कुणी टाळी वाजवली नाही. मघाशी रडलेल्या बाई पुस्तक मिटून पर्समध्ये ठेवावं की टेबलावर, अशा घोटाळ्यात होत्या. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

मी बाहेर पायऱ्या उतरत असताना तो मागून आला. गळ्यात हार तसाच होता. चेहरा उतरलेला, एकदम म्हातारा दिसत होता. मला वाटलं होतं की त्या क्षणी मला त्याची कीव येईल.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं? अहो, मग एक फोन करायचात! मी दुरुस्त केलं असतं. मी त्यांचं नावसुद्धा घातलं असतं."

"म्हणूनच केला नाही," मी म्हणालो. "पुस्तक छापून व्हायची वाट बघत होतो."

मी स्टँडवर आलो. सांगलीची गाडी लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली, आणि फोरमन गेल्यापासून पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. कंडक्टरनं उठवलं तेव्हा कराड कधीच मागे पडलं होतं.