रंगकाकू आणि गोरा हात

रंगकाकूंचं अर्धं आयुष्य कपड्यांच्या दुकानांतले पुतळे गुलाबी करण्यात गेलं. गोरे साहेब देश सोडून केव्हाच गेले होते, पण त्यांच्या वेळचे साचे पुतळ्यांच्या कारखान्यात ठाण मांडून होते. धारदार नाक, मुठीत मावेल अशी कंबर, आणि गुलाबी रंगाच्या डब्यावर छापलेलं 'त्वचेचा रंग'. कुणाच्या त्वचेचा, हे विचारायची सोय नव्हती. काकू स्वतः चांगल्या काळ्या. लहानपणी आईने क्रीम चोळून चोळून गाल सोलून काढले, रंग काही हटला नाही.

पुढे त्या इस्पितळामागच्या खोलीत कृत्रिम हातपाय रंगवायला लागल्या. तिथेही तोच डबा बघून त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी तो रिकामा केला आणि त्यात कुंचले उभे केले. तेव्हापासून माणसाचा दुसरा हात समोर ठेवायचा आणि तसाच रंग कालवायचा. बाईच्या नजरेला तोड नव्हती.

एकदा एक आई लेकीला घेऊन आली. पोरीचा डावा हात यंत्रात गेलेला, आणि आता लग्नाचं बघणं चाललेलं.

"नवा करतोच आहोत, तर जरा उजळ करा ना," आई म्हणाली.

"तुला कसा हवा गं?" काकूंनी मुलीला विचारलं.

"आई म्हणते तसा." असं म्हणत तिने उजवा हात, धडधाकट हात, टेबलाखाली घेतला.

काकूंनी ते पाहिलं. गोरा हात दिला तर ही पोर जन्मभर आपला खरा हात लपवत फिरणार.

"ताई, आधी हिच्यासारखा करते. नाही आवडला तर वर उजळ रंग चढवू. गेलेल्या हातावर काही खूण होती का?"

"मनगटाजवळ तीळ होता," आई म्हणाली.

काकूंनी मन लावून हात रंगवला, तीळ सगळ्यात शेवटी. हात चढवल्यावर आईने बराच वेळ पाहिलं. "विचार करून सांगते," एवढंच म्हणाली.

दोघी निघाल्या. जिन्याशी सवयीने आईने लेकीचा हात धरला, डावा. काकू दारातून बघत होत्या. चार पायऱ्या उतरल्यावर आईच्या ध्यानात आलं आणि ती थबकली. आता सोडणार, असं काकूंना वाटलं. आईने त्या तिळावरून अंगठा फिरवला आणि हात तसाच धरून उरलेला जिना उतरली.