दमबाई

श्वास आत जाईना, बाहेर येईना. दवाखान्याच्या पायरीवर मी टोपलीतल्या मासळीसारखी तोंड उघडून बसले होते. हातातला दम्याचा पंप दाबत होते आणि फवारा हवेत उडत होता.

"डास मारतेस का गं मावशी?" डोक्यावरून आवाज आला. माणूस मरायला टेकलंय आणि हिला विनोद सुचतात! पण बोलता बोलताच तिने मला ताठ बसवलं, पंप हलवून त्याला प्लास्टिकचा नळा लावला आणि माझ्या तोंडात कोंबला. "ओठ घट्ट मिट. हळू ओढ. आता दम धर!" असं दोनचारदा केल्यावर छाती मोकळी झाली.

ती तिथली सिस्टर. ज्याला दम लागलाय त्यालाच ही वरून दम द्यायची, म्हणून सगळे तिला दमबाई म्हणत. गोड बोलणं बहुधा तिच्या ड्युटीत बसत नव्हतं.

"समजलं" म्हटलेलं तिला चालत नसे. "समजलं ना? मग करून दाखव." मी दाखवलं. औषध ओढलं आणि लगेच विचारलं, "झालं ना?"

"झालं! सगळं बाहेर आलं. औषध तुझ्या छातीत राहू दे, रांगेत वाटू नकोस."

जन्मभर अंधेरीच्या बाजारात ओरडून मासळी विकली. तोंड मिटायला मला शिकवणार कोण? शेवटी ती म्हणाली, "मनातल्या मनात टोपली मोज. सुरमई, रावस, हलवा, बांगडा, घोळ... मुशी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

दम लागूच नये म्हणून दुसरा एक पंप रोज घ्यायचा होता. बरं वाटलं की मी तो बंद करायचे, सवय लागेल म्हणून. "आणि मिश्रीची लागली ती?" दमबाईने विचारलं. वर त्या पंपानंतर चूळ भरायची सक्ती.

बोंबील घ्यायला आली की भर बाजारात मला पंप घेऊन दाखवायला लावायची. गिऱ्हाईक पळायचं. भाव पाडताना मात्र बाईंना स्वतःला दम धरवत नसे.

यंदा होळीच्या धुराने मला पुन्हा गाठलं. सून रडायला लागली. रडून श्वास आला असता तर पंप कशाला लागले असते? मी ताठ बसले. नळा लावला, ओढलं. सुरमई, रावस, हलवा, बांगडा. पुन्हा ओढलं. छाती पुरती मोकळी होईना, तेव्हा सुनेला म्हटलं, "रडतेस काय, रिक्षा थांबव."

दवाखान्यात दमबाईच्या खुर्चीवर दुसरीच मुलगी होती. तिने सांगितलं, दमबाई थंडीतच गेली. झोपेत. कुणाला दम द्यायलाही सवड मिळाली नाही.

मी वाचले.