बंद खिडकीतला सा

मे महिन्यातली सकाळ आहे आणि समोरच्या वीणाताईंची खिडकी घट्ट बंद आहे. फटीत टॉवेल कोंबलाय, तरी खर्जातला लांबलचक सा कसाबसा बाहेर झिरपतोय. आत पंखाही बंद असणार, कारण त्याच्या घरघरीत स्वर नीट ऐकू येत नाही.

मुलं मोठी झाल्यावर वीणाताई पुन्हा गाणं शिकायला लागल्या. रोज सकाळी तासभर त्या हा एकच स्वर घोटत बसतात. तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना जिन्यात गाठून सुनावलं, "अहो, एखादं गाणं तरी म्हणा! हे काय रोज आ-आ लावलंय? लोकांची झोपमोड होते."

आणि हेच गृहस्थ रोज सकाळी ग्रुपवर गुलाबाच्या चित्रासोबत ‘शिस्त हाच यशाचा पाया’ असं पाठवतात! त्याखाली आम्ही सगळे इमानेइतबारे हात जोडतो. काय निर्लज्ज आहोत आपण! शिस्त आपल्याला चित्रातली आवडते. शेजारच्या घरात तिचा आवाज यायला लागला की आपलं डोकं दुखतं. गणपतीत मात्र हेच सेक्रेटरी माइक धरून म्हणणार, "वीणाताई म्हणजे आपल्या सोसायटीची शान!"

काल त्या खाली भेटल्या तेव्हा मी चिडून म्हटलं, "उघडा हो ती खिडकी! चांगलं भांडा त्यांच्याशी."

पदरानं मानेवरचा घाम पुसत त्या म्हणाल्या, "भांडले असते हो. पण मग दिवसभर आवाज लागत नाही."