हात मांडीखाली

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. त्यांवर ॲपबद्दलचे आमचे अत्यंत मौलिक विचार असतात आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्या दोन दिवसांत गळून पडतात. किस्से मात्र कुणी चिकटवत नाही, तरी ते पडत नाहीत. चहाला नवीन माणूस आलं की एक निघतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि चहा गार होतो.

उस्मानपुऱ्यात एका मेडिकलच्या वर दोन खोल्यांत आमचा डिझाइन स्टुडिओ आहे. लोकांच्या फोनमधलं ॲप कसं दिसावं, कसं वागावं हे आम्ही ठरवतो. निदान आमची तशी समजूत आहे. मालकीण नाझनीन आपा. हिमरू विणणाऱ्यांच्या घरातल्या. कोड लिहितो तो विशाल, शेंद्र्याचा. भाऊ कंपनीत, वडील शेतात आणि हा दिवसभर लॅपटॉपमध्ये. तिसरी मी. अडीच वर्षं घरी राहून, ओवीला सासूबाईंकडं सोपवून परत आलेली. ‘मी डिझायनर आहे’ असं सांगताना अजूनही मागं वळून बघते, कुणी हसत नाही ना.

* * *

आपांचा एक नियम आहे. डिझाइन तयार झालं की ते घेऊन बाहेर पडायचं, अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं आणि आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ज्याचा हात बाहेर येईल त्यानं सगळ्यांना इमरती खिलवायची.

एकदा शहागंजात कापडाचे व्यापारी असलेल्या चाचांना आम्ही माल मागवायचं ॲप दिलं. चाचांना ‘पुढं’ हे बटण काही सापडेना. ते स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात होतं, विशालनंच तिथं ठेवलेलं. विशालचे हात मांडीखाली, पण त्याची हनुवटी हळूहळू उजवीकडं सरकायला लागली. चाचांनी एकदा फोनकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि आपांना विचारलं, “बेटे की गर्दन में कुछ हुआ है क्या?”

नंतर आपा म्हणाल्या, “हनुवटीपण मांडीखाली.”

विशालनं इमरती आणली. बटण मधोमध आलं.

* * *

मी परत आले तो पहिला दिवस. अडीच वर्षांपूर्वी मी चौकोन काढत होते, चौकोनात बटणं बसवत होते. आता विशालनं सांगितलं की बटणंच नको म्हणतात लोक. ॲपशी बोलायचं, ते ऐकून आपलं आपण काम करतं. चौकोन काढायलासुद्धा एआय आहे. म्हणजे मी जे शिकले होते ते मी दूध-मऊभात करत होते तेवढ्यात जुनं झालं!

विशालनं एआयला एका ओळीत सांगितलं, मुलांच्या हॉस्पिटलसाठी ॲप कर. मी डबा उघडेपर्यंत बारा स्क्रीन तयार, प्रत्येकावर बाळ घेतलेली आई. सुंदर. गुळगुळीत. मी पोळी हातात धरून बघत राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “या बाराही आया हसतायत.”

“मग?” विशाल म्हणाला.

“तापलेलं लेकरू घेऊन आलेली आई कधी हसते का?”

बोलून झाल्यावर वाटलं, गेलं, पहिल्याच दिवशी शहाणपणा. आपा चष्मा पुसत होत्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, “हा प्रोजेक्ट तुझा.”

* * *

प्रोजेक्ट असा. जालना रोडच्या बाजूला मुलांचं एक हॉस्पिटल आहे. दार उघडलं की काउंटरवर गर्दी, रडारड, एकच सिस्टर आणि तिच्यापुढं सगळ्यांचे हात. डॉक्टरबाईंना हवं होतं असं ॲप, की दाराशी ठेवलेल्या टॅबला किंवा आपल्या फोनला माणसानं नुसतं सांगायचं, बाळाला काय होतंय ते. ॲप नंबर देणार आणि डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहून ठेवणार.

डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, शेवटी एक तासभर काउंटर बंद ठेवते. माझ्या वेटिंगमधल्या पाच जणांनी कुणाच्या मदतीशिवाय नंबर घेतला तर काम तुमचं. एकजण जरी उठून सिस्टरकडं गेला, किंवा तुमच्यापैकी कुणी तोंड उघडलं, तर पुण्याची एक कंपनी तयारच आहे.

आपांनी लगेच हो म्हटलं. मी रिक्षात बसल्यावर घाबरले. हे काम गेलं तर आपा काही बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. पण मी परत चौकोनसुद्धा काढणार नाही, हेही मला माहीत होतं.

* * *

पहिल्या आवृत्तीत मी चेहरे ठेवले होते. हसरा, बरा, रडका. बाळाला किती त्रास होतोय, तो चेहरा दाबा. मला ते लई आवडलं होतं.

शेंद्र्याहून आलेल्या एका आजोबांनी कडेवर किंचाळणारा नातू घेऊन शांतपणे हसरा चेहरा दाबला. मी हात मांडीखाली दाबून, ओठ चावून बसले. सगळं झाल्यावर विचारलं, आजोबा, हसरा का? तर म्हणाले, “डॉक्टरीणबाईला सकाळी सकाळी रडकं तोंड कशाला दाखवायचं?”

चेहरे काढून टाकले.

* * *

मग आवाज आला. विशालनं ॲपला मराठी शिकवलं, पण कुठल्या तरी परिपत्रकातून शिकवल्यासारखं. टॅब म्हणाला, “कृपया आपल्या अपत्याची लक्षणे सविस्तर नमूद करावीत.”

समोरचा गडी ताडकन उभा राहिला. टोपी नीट केली. हात जोडले. आणि बाहेर गेला. आम्ही वाट बघतोय. दहा मिनिटांनी तो भावाला घेऊन आला. “हा बीए झालेला हाय. हा बोलंल.”

त्या दिवशी विशालनं ते वाक्य खोडलं आणि मी सुचवलेलं घातलं: “काय झालं बाळाला?” माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात छोटं डिझाइन! तीन शब्द.

आणि लोक बोलायला लागले. थांबेचनात. वेरूळहून आलेल्या एक बाई, घरी दखनी आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या, दोन्ही मिसळून सात मिनिटं बोलल्या. लेकाचा खोकला, नणंदेचं लग्न, लग्नातलं आइस्क्रीम, ते कुणी दिलं, का दिलं. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता हे ॲप लटकणार. डॉक्टरांच्या स्क्रीनवर दोन ओळी उमटल्या: ‘खोकला, तीन दिवस, थंड खाल्ल्यानंतर. आईचा संशय नणंदेवर.’

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवला. विशालनं आणि मी ऑफिसच्या जिन्यात उड्या मारल्या. खालून मेडिकलवाले विचारायला आले, वर काय पडलं.

* * *

आता माझ्या फीचरबद्दल. ऑफिसात त्याला ‘मॅडमचा भोंगा’ म्हणतात.

बाळाला दवाखान्यात कुणीही आणू दे, बाप, आजी, मावशी, नंबर घेतल्याक्षणी आईच्या फोनवर मेसेज गेलाच पाहिजे, हा माझा हट्ट होता. मी ऑफिसात असताना ओवी शिंकली तरी मला कळायला हवं असतं. आपा म्हणाल्या, “हर बात माँ को बताना ज़रूरी है क्या?” मी म्हटलं, हो. आपांनी दोन मुलं आणि एक स्टुडिओ वाढवलेला, तरी मी ठामपणे म्हटलं, हो.

विशालनं मध्येच पिल्लू सोडलं. बाळाला आणणाऱ्यानंच सांगितलं, आईला कळवू नका, तर? डॉक्टरांना दिसू दे, पण मेसेज थांबवायचा.

मी चिडले. “असं कोण म्हणेल रे?”

“म्हणंल कुणीतरी. माणसं हायेत.”

वाद दोन दिवस चालला. शेवटी आपांनी विशालच्या बाजूनं निकाल दिला. मी कोड लिहीत नाही म्हणून गप्प बसले, पण चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं: ‘असं कोण म्हणेल?’ ती चिठ्ठी मात्र पंख्याला दाद देत नव्हती.

* * *

चाचणीचा दिवस. घरी मी फक्त ‘आज मोठं काम आहे’ एवढंच सांगितलं. कुठं, काय, सांगितलं नाही. फसलं तर निदान घरात तरी कुणाला कळू नये. निघताना ओवीचं नाक वाहत होतं. मी चप्पल काढून परत आत गेले, कपाळाला हात लावला. पुन्हा चप्पल घातली, पुन्हा आत गेले. सासूबाईंनी मला अक्षरशः दाराबाहेर काढलं. “जा गं बाई. मी चार वाढवलीत.”

हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये विशाल आणि मी मागच्या बाकावर बसलो, पेशंटसोबत आल्यासारखे. मी स्कूटीवरून आलेली, तोंडाला स्कार्फ होताच, तो तसाच ठेवला. घाबरलेला चेहरा कुणाला दिसायला नको. आपा आत डॉक्टरबाईंच्या शेजारी. काउंटर बंद. आम्हा दोघांचे हात मांडीखाली. माझा फोन मांडीवर, हाच फोन ओवीच्या आईचा म्हणून ॲपमध्ये नोंदवलेला, कारण ओवीची फाइल याच हॉस्पिटलात आहे.

पहिली बाई बोलली, नंबर मिळाला. दुसरा बाप बोलला, मिळाला. तिसरी आजी, चौथी मावशी. चार! माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. तास संपायला दहा मिनिटं उरली होती आणि दार उघडून पाचवं माणूस आत आलं.

सासूबाई. कडेवर ओवी. गाल लालभडक, हातात बिस्किट.

माझा उजवा हात आपोआप सुटायला लागला. विशालनं बघितलं, आपला गुडघा माझ्या गुडघ्यावर दाबला आणि मान नाही अशी हलवली.

सासूबाई टॅबपुढं उभ्या राहिल्या. टॅब म्हणाला, “काय झालं बाळाला?” सासूबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. बंद काउंटरकडं पाहिलं. तिकडं दोन पावलं टाकली. मग ओवीनंच बिस्किटाचा हात टॅबकडं केला, आणि टॅबनं पुन्हा विचारलं, “काय झालं बाळाला?”

सासूबाई परत फिरल्या. टॅबच्या तोंडाशी वाकल्या, शेजारणीशी बोलावं तशा.

“ही ओवी. सकाळपासून कणकण आहे. दूध प्यायली नाही, बिस्किटं मात्र चालूयेत, म्हणजे फार काही नसंल.” मग आवाज खाली आणला. “अन् हे बघ, हिच्या आईला कळवू नको. आज तिचं मोठं काम आहे. मेसेज गेला तर सगळं टाकून पळत येईल ती.”

टॅबवर गोल फिरलं.

“बरं. आईला कळवत नाही. तुमचा नंबर पाच.”

विशालनं माझ्या मांडीवरच्या फोनकडं पाहिलं. मीपण पाहिलं. आतल्या दाराच्या काचेतून आपा आणि डॉक्टरबाईसुद्धा तिकडंच बघत होत्या.

फोन वाजला नाही.

तास संपायला अजून चार मिनिटं होती. सासूबाई येऊन आमच्या पुढच्याच बाकावर बसल्या. त्यांच्या खांद्यावरून ओवीनं मागं पाहिलं. स्कार्फ पाहिला, त्याच्या वरचे डोळे पाहिले, आणि बिस्किट माझ्याकडं करून म्हणाली, “आई.”

सासूबाईंनी मागं न बघता तिच्या पाठीवर थोपटलं.

“आई ऑफिसात आहे, बाळा.”